कालिंदीवहिनींचं माघस्नान

१९९४ सालच्या माघात काशीच्या रामघाटाच्या गल्लीत अशी बातमी पसरली की, आठल्यांच्या कालिंदीवहिनींना वैराग्य आलंय. बातमी खोटी होती. वहिनींना वैराग्य आलं नव्हतं, उकडत होतं. पण हे समजायला गल्लीला बराच वेळ लागला, आणि खरं म्हणजे वहिनींनाही लागला.

वहिनी तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. माहेर दुर्गाघाटावरचं, सासर रामघाटावरचं. सगळा जन्म गंगेच्या काठानं, हाकेच्या अंतरात गेलेला. महाराष्ट्र त्यांनी दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा तिथल्या लोकांनी त्यांचं मराठी ऐकून, तुम्ही मूळच्या कुठल्या, असं विचारलं होतं. नवरा नीलकंठ बँकेत होता. धाकटा दीर ढुंढिराज यानं घरची तीर्थपुरोहिताची गादी सांभाळली होती. त्यानं लग्न केलं नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. सातारा-कराडकडचे यजमान यात्रेला आले की उतरायचे आठल्यांकडेच. ढुंढिराज त्यांचे विधी करायचा आणि वहिनी त्यांची पंगत वाढायच्या. वहिनींचा हात सढळ, आवाज खणखणीत, आणि हसणं असं की खाली घाटावर नावाडी वर मान करून बघायचे.

पस्तिशी उलटली आणि वहिनींच्या पाळीचं तंत्र बिघडलं. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या. आधी चार दिवसांचे आठ झाले, मग अर्धा महिना त्यातच जाऊ लागला. पुरोहिताचं घर, त्यामुळे त्या दिवसांत वहिनींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे खाली पंगत बसलेली आणि वहिनी वरच्या खोलीच्या खिडकीतून ओरडताहेत, "इंदू, पुरणात जायफळ पडलं का? आणि त्या कोपऱ्यातल्या आजोबांना भात वाढ, ते मागायचे नाहीत."

इंदू म्हणजे त्यांची मुलगी. कॉलेजात जाणारी, घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारी, आणि घाईत दोन्ही एकत्र करणारी. ती खालून ओरडायची, "आई, तू आराम कर ना, मैं देख रही हूँ."

रक्त जाऊन जाऊन वहिनींचा चेहरा कागदासारखा झाला. घाटाच्या पायऱ्या चढताना त्या मध्येच बसायच्या आणि, मी नदी बघतेय, असं सांगायच्या. शेवटी डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. बायका असं ऐकून रडतात, हे डॉक्टरांना माहीत असावं, कारण त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला होता. वहिनींनी तो पिऊन टाकला आणि विचारलं, "कधी काढता?"

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा नीलकंठ उशाशी उभा होता. "झालं," तो म्हणाला. "सगळं काढलं. आता काळजी नाही." एरवी पाच वाक्यांच्या जागी एक बोलणारा माणूस; तो एवढं बोलला हेच खूप होतं.

महिन्याभरात वहिनी हिंडूफिरू लागल्या. गालांवर रंग आला. आता बाजूला बसणं नाही, वरून ओरडणं नाही, स्वयंपाकघर बाराही महिने आपलं, या आनंदात त्यांनी पितळेचे डबे स्वतः घासून फळीवर मांडले. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी पोळ्या लाटताना त्यांना छातीत काहीतरी पेटल्यासारखं झालं.

दुखलं नाही. नुसती ऊब होती, पण अशी की कुणी आतून शेगडी फुंकतंय. ती छातीतून मानेवर, मानेवरून कानापर्यंत चढली. चेहरा लाल झाला. मग डोक्यापासून पाठीपर्यंत घामाच्या धारा लागल्या, आणि घाम वाळला तशी थंडी वाजून आली. वहिनींनी गॅसकडे संशयानं पाहिलं आणि आच बारीक केली. दुसऱ्या दिवशी तसंच झालं तेव्हा त्या देवघरात फुलं वाहत होत्या, आणि तिथे गॅस नव्हता.

मग ही ऊब आगंतुक पाहुण्यासारखी वेळीअवेळी येऊ लागली. बाहेर काशीची थंडी. गल्लीत दर दारात निखाऱ्यांच्या बोरशीभोवती माणसं हात शेकत बसलेली. आणि वहिनी पदरानं वारा घेत उभ्या. एकदा यजमानांची पंगत उठली असताना, हात धुवायला म्हणून भरून ठेवलेला तांब्या त्यांनी सर्वांदेखत स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतला. यजमान बिचारे हात पुढे करून उभेच राहिले.

रात्रीची झोप गेली. चादर भिजायची, उशी भिजायची. वहिनी खिडकी उघडायच्या, नीलकंठ ती लावायचा. कानटोपी, दोन रजया आणि पायमोजे अशा बंदोबस्तात झोपणारा तो माणूस. पौषातला वारा अंगावर आला की शिंकत उठायचा. अखेर एके दिवशी त्यानं आपली गादी मुकाट्यानं ढुंढिराजच्या खोलीत नेली. वहिनींना आधी बरं वाटलं, आणि मग वाईट वाटलं, आणि मग त्या रडल्या.

हे रडणं आणखी निराळंच होतं. वरणाला फोडणी छान बसली म्हणून त्या रडल्या. इंदूनं केस कापून घेतले म्हणून चिडल्या आणि ते तिला शोभतात म्हणून रडल्या. वर्षानुवर्षांच्या यजमानांची नावं ऐन वेळी आठवेनात. सांधे कुरकुरू लागले. नीलकंठला वाटलं पित्त असेल; त्यानं मोरावळा आणला, गुलकंद आणला, सब्जा आणला. वहिनींनी सगळं खाल्लं. चवीला बरं होतं.

पौषी पौर्णिमा झाली आणि काशीतल्या बायकांचं माघस्नान सुरू झालं. पहाटेच्या धुक्यात गंगेवर जायचं, थंडगार पाण्यात बुडी मारायची, कुडकुडत घरी यायचं, असं महिनाभर. वहिनींनी हे व्रत कधी केलं नव्हतं. त्यांना पोहता यायचं. लहानपणी वडिलांनी शिकवलं होतं. पण थंडीचं पाणी त्यांना कधीच सोसलं नव्हतं. त्या पहाटे मात्र अंगाचा भडका होऊन त्या जाग्या झाल्या, खिडकीतून खाली नदी पाहिली, आणि पुढचं काही ठरवायच्या आत त्या पायऱ्या उतरू लागल्या होत्या.

पाण्यात गळ्यापर्यंत शिरल्या आणि त्यांच्या तोंडून सुस्कारा निघाला. इतकं सुख त्यांना ऑपरेशन झाल्यापासून मिळालं नव्हतं. डोळे मिटून त्या तशाच उभ्या राहिल्या.

शेजारच्या सीताकाकू तेव्हा पायरीवर होत्या. साठी उलटलेल्या, विधवा, पंचवीस वर्षं माघस्नान करणाऱ्या. त्यांची पद्धत म्हणजे एक पाय पाण्यात, तोंडात 'हर हर गंगे', एक घाईची बुडी आणि लगेच धाबळी. त्यांनी धुक्यातून पाहिलं तर कालिंदी पाण्यात स्तब्ध, डोळे मिटलेले, ओठांवर हसू, आणि चेहऱ्यावर लालसर प्रभा. सीताकाकूंनी पायरीवरूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्याही. कधी तर वहिनी दुपारी पुन्हा जाऊन पाण्यात बसत. चार-पाच दिवसांत ही बातमी गल्लीभर झाली. कुणी म्हणे वहिनींनी ऑपरेशनच्या वेळी नवस बोलला होता. कुणी म्हणे त्यांना स्वप्नात अन्नपूर्णा दिसली. नवऱ्यानं खोली बदलली ही गोष्टही कुठून तरी बाहेर पडली आणि वैराग्याचा पुरावा म्हणून खपली. गल्लीच्या तोंडाशी दही विकणारी बाई वहिनींच्या पाया पडली. वहिनींनी, अगं ऊठ, म्हणून तिला वर ओढलं, तर ती म्हणाली, "माताजी का हाथ एकदम गरम है."

सगळ्यांत खूश झाला ढुंढिराज. "वहिनी, मी जाणलं होतं," तो म्हणाला. "या घरात पिढ्यान्‌पिढ्या विधी चालले, पण तप कुणी केलं नव्हतं. ते तुमच्या हातून व्हायचं होतं."

"भावोजी, मला नुसतं गरम होतं हो."

"तेच ते. तपाची उष्णता."

वहिनींना हसू आलं. हसता हसता वाटलं, कदाचित खरंही असेल. काहीतरी चाललं होतं अंगात हे नक्की, आणि दुसरं नाव कुणीच दिलेलं नव्हतं. म्हणून त्या गप्प बसल्या.

त्याच सुमाराला कराडहून एक मोठा जथा उतरला. ढुंढिराजनं त्यांना सगळी क्षेत्रं दाखवली, आणि मग घरी आल्यावर ओसरीवर वहिनींना पाटावर बसवून त्यांचंही दर्शन घडवलं. बायका एकेक पुढे येऊन नमस्कार करू लागल्या. वहिनींना नको नको झालं. तेवढ्यात आतली शेगडी पेटली. चेहरा तापला, कपाळावरून घाम वाहू लागला, आणि ऐन थंडीत त्या ताडाच्या पानाच्या पंख्यानं स्वतःला वारा घालू लागल्या. जथ्यात कुजबुज झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थानं तर डोळे पुसले.

रांगेत शेवटी अन्नपूर्णाबाई होत्या. धान्याच्या व्यापाऱ्याची बायको, अंगानं भरलेल्या, बोलायला रोखठोक. त्या नमस्काराला वाकल्याच नाहीत. खाली बसून त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला, मनगटावरचा घाम पाहिला, आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाई, पिशवी काढलीया का तुमची?"

वहिनी दचकल्या. "हो. दिवाळी झाल्यावर."

"मग हे तेज-बीज काही न्हाई. माझी काढली तवा मला बी असंच झालतं. मी दुकानात बर्फाची लादी आणवून तिच्यावर पाय ठिऊन बसायची. मालक म्हनायचे, बाईला याड लागलं."

"आणि मग?"

"मग लेकीनं सांगलीला डाक्टरीणबाईकडं नेलं. गोळ्या दिल्या. महिन्याभरात माणसात आले." अन्नपूर्णाबाईंनी वहिनींचा हात थोपटला. "तुम्ही बी जावा. देव काय, कुठं जात न्हाई."

वहिनी पाटावरून उठल्या त्या थेट आत गेल्या आणि इंदूला म्हणाल्या, "उद्या मला बायकांच्या डॉक्टरकडे ने."

इंदूनं कपाळावर हात मारला. "मी महिनाभर हेच तो कह रही थी."

काशीतल्या लंका नावाच्या वस्तीत, विद्यापीठाच्या वाटेला, डॉक्टर सुरेखा गानूंचा दवाखाना होता. इंदूच्या मैत्रिणीची आई तिथे जायची. वहिनींनी नीलकंठलाही बरोबर घेतलं. तो नको म्हणत होता, पण रिक्षात बसला. डॉक्टर गानू पन्नाशीच्या, चष्मा केसांत अडकवून तो टेबलावर शोधणाऱ्या. मराठी ऐकून त्यांना आनंद झाला. वहिनींनी सगळं सांगितलं. शेगडी, घाम, झोप, फोडणी, नदी. डॉक्टरांनी मध्ये एकदाही घाई केली नाही. नदीचं ऐकून मात्र त्या हसल्या आणि मग सॉरी म्हणाल्या.

"पिशवीबरोबर अंडाशयं काढली की ठेवली?" त्यांनी विचारलं.

"ठेवली," वहिनी म्हणाल्या. "फक्त पिशवी काढलीय."

नीलकंठनं घसा खाकरला. दोघी त्याच्याकडे बघू लागल्या. तो भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत होता.

"दोन्ही काढली," तो म्हणाला.

"काय?" वहिनी म्हणाल्या.

"त्यांच्यावरही गाठी होत्या. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले. सही मीच केली. म्हणाले, पुढे थोडा त्रास होईल, झाला तर दाखवायला आणा." त्याचे कान लाल झाले होते. "मला वाटलं, तू आधीच एवढं सोसलंस. आणि... कसं सांगायचं ते कळेना. तो शब्द मी कधी उच्चारलाच नव्हता."

अडीच महिने. अडीच महिने हे पोटात ठेवून हा माणूस मोरावळा आणत होता. त्यांना राग आला, खरा, भरपूर. "माझ्या अंगातलं काय काढलं हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक," त्या म्हणाल्या. "उद्या माझा पाय काढला तरी सांगणार नव्हतात का?"

"पाय तुला दिसला असता," नीलकंठ अगदी खऱ्या चेहऱ्यानं म्हणाला.

डॉक्टर गानूंनी चष्मा शोधायला मान खाली घातली. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या लाल कानांकडे पाहिलं, आणि त्यांचं ते जुनं हसणं, घाटावर ऐकू जाणारं, एकदम फुटलं. बाहेरच्या बाकावरच्या बायका दाराकडे बघू लागल्या.

मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पाळी सावकाश जाते तेव्हा शरीराला वर्षं मिळतात सवय करून घ्यायला. तुमच्या बाबतीत ते एका सकाळी घडलं. अंडाशयं जे द्रव्य तयार करायची ते अचानक बंद झालं, म्हणून ही लाट, हा घाम, हे रडणं, हे विसरणं. तुम्ही वेड्या झालेल्या नाही आणि संतही नाही. एक्केचाळीस हे वय फार लवकरचं आहे. हे द्रव्य नसेल तर पुढे हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही ते बरं नाही. तेव्हा पन्नाशीच्या आसपासपर्यंत ते गोळीनं द्यायचं. पिशवी नसल्यामुळे एकच हार्मोन पुरतं, दुसरं लागत नाही.

"कॅन्सर होतो म्हणतात गोळ्यांनी," वहिनींनी विचारलं.

"विचारलंत ते बरं केलंत." डॉक्टरांनी मग घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, कावीळ झाली होती का, हे सगळं विचारलं, रक्तदाब घेतला, नीट तपासलं. "तुमच्यात मला भीती दिसत नाही. पण दर वर्षी तपासणीला यायचं. नाही आलात तर मी रामघाटावर येईन."

शेवटी वहिनींनी नीलकंठला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटून, आवाज उतरवून, आणखी एक अडचण सांगितली, जी नवरा-बायकोमधली होती. डॉक्टरांनी तीही तितक्याच सहजपणे ऐकली, त्यालाही उपाय आहे म्हणाल्या, लावायचं एक मलम लिहून दिलं. वहिनी बाहेर आल्या तेव्हा नीलकंठ उठून उभा राहिला. "काय म्हणाल्या?"

"घरी सांगते," वहिनी म्हणाल्या. "सगळं सांगते. माझी पद्धत तुमच्यासारखी नाही."

गोळी बाजरीच्या दाण्याहून जरा मोठी. पहिल्या दिवसांत वहिनींना मळमळलं, छाती जड झाली. त्या पुन्हा लंकेवर गेल्या. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितलं. मग हळूहळू लाटा ओसरू लागल्या. आधी दिवसातल्या कमी झाल्या, मग रात्रीच्या. एका सकाळी वहिनी जाग्या झाल्या तर खिडकीत ऊन आलं होतं, चादर कोरडी होती, आणि त्यांना ऑपरेशननंतर पहिल्यांदा रजई हवीशी वाटत होती. त्या दिवशी त्या नदीवर गेल्या नाहीत. सीताकाकू मात्र घाटावर वाट बघून आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कालिंदी, समाधी लागली होती का गं?"

आता पंचाईत ही झाली की ढुंढिराजनं रथसप्तमीला घरी हळदीकुंकू ठरवलं होतं, आणि त्यात तपस्विनी कालिंदीबाईंचा सत्कार. शाल आणली होती. राजाघाटापासून शिंदेघाटापर्यंतच्या मराठी घरांत आमंत्रणं गेली होती. वहिनींनी त्याला दोनदा सांगायचा प्रयत्न केला, पण तो बायकांच्या दुखण्याचं नाव निघताच 'शिव शिव' म्हणत उठून जायचा.

रथसप्तमीला माजघर बायकांनी गच्च भरलं. पुरुष बाहेर ओसरीवर. कुंकवासाठी नाही, पण सत्कारासाठी सीताकाकूंना मुद्दाम बोलावलं होतं; त्यांनी शाल हातात घेतली आणि वहिनींना दोन शब्द बोलायला सांगितलं. वहिनी उभ्या राहिल्या. रात्रभर त्यांनी काहीबाही जुळवलं होतं, पण समोर त्या सगळ्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे पाहिल्यावर ते सगळं लांबण वाटलं.

"शाल नको," त्या म्हणाल्या. "मी तप केलं नाही. दिवाळी झाल्यावर माझी पिशवी काढली, आणि अंडाशयंही काढली. त्यानं माझी पाळी एका दिवसात गेली. अंगाची भट्टी व्हायची. जीव नकोसा व्हायचा म्हणून मी पाण्यात जाऊन उभी राहायची. आता डॉक्टरांनी हार्मोनची गोळी दिलीय, ती घेते, आणि झोपते. एवढंच आहे."

ओसरीवरचा सुपारीचा अडकित्ता थांबला. वहिनींना वाटलं, झालं, आता या उठून जाणार.

सीताकाकूंनी शाल मांडीवर ठेवली. "कालिंदी," त्या सावकाश म्हणाल्या, "अंग पेटतं, मग घाम येतो, मग थंडी वाजते? आणि उगाच रडू येतं?"

"हो काकू."

"मला दोन वर्षं झालं होतं तसं. पंचेचाळिशीत. हे गेल्यानंतर लगेच. मला वाटलं, दुःखानं होतंय." त्यांनी मांडीवरची शाल बाजूला ठेवली. "मी कुणाला सांगितलंच नाही. सासूबाईंना वाटलं करणी आहे. गळ्यात ताईत बांधला होता."

"माझ्या जावेला तर हल्ली होतंय," मागून कुणी म्हणालं.

"जावेला कशाला, मलाच होतंय," असं तिच्या शेजारची म्हणाली, आणि हशा पिकला.

मग कुणी थांबेना. एकीला झोप नव्हती, एकीला पाळी महिनोन्‌महिने थांबत नव्हती आणि ती पिशवी काढायला घाबरत होती. एका नव्या सुनेनं भीत भीत विचारलं की गोळी सगळ्यांनाच देतात का. वहिनी म्हणाल्या, "नाही गं. ज्याचं त्याला तपासून. कुणाला चालते, कुणाला नाही चालत. दुकानातून घेऊन खायची नाही." तिळगुळाचे डबे फिरले, हळदीकुंकू दोनदा लावून झालं, दिवेलागण झाली तरी बायका उठेनात. ओसरीवरच्या पुरुषांना इंदूनं तीन वेळा चहा नेऊन दिला. तिसऱ्यांदा एका काकांनी विचारलं, "बेटा, अंदर चल क्या रहा है?" ती म्हणाली, "सत्संग."

ढुंढिराज दोन दिवस वहिनींशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "गोळी असो की काही असो, स्नान तर गंगेचंच घडलं ना."

"घडलं की," वहिनी म्हणाल्या आणि त्याला आणखी एक पोळी वाढली.

"साताऱ्याच्या एका यजमानांचं पत्र आलंय. त्यांच्या मंडळींना बरं नसतं. ते काशीला येणारच आहेत." त्यानं घास गिळला. "त्या लंकेवरच्या बाईंचा पत्ता द्या मला. कारण मी सांगणार नाही कुणाला. नुसता पत्ता."

नीलकंठची गादी तर केव्हाच परत आली होती. लाज सोडायला त्याला वेळ लागला, पण वहिनींच्या वर्षाच्या तपासणीचा दिवस तो स्वतःच लक्षात ठेवू लागला, आणि डॉक्टरांना त्यानं एकदा चक्क विचारलं की कॅल्शियमसाठी दूध बरं की दही. सीताकाकूंचं वय गोळीचं नव्हतं. पण वहिनींनी त्यांना नेऊन हाडं तपासून घेतली, आणि काकू रोज संध्याकाळी घाटाघाटानं चालू लागल्या.

गोळ्या सुरू करून आठ वर्षं झाली असतील, तेव्हा वर्तमानपत्रात परदेशातली बातमी आली की हार्मोनच्या गोळ्या घातक. गल्लीतल्या चार जणी बातमीचं कात्रण घेऊन आल्या. वहिनी तेच कात्रण घेऊन, रिक्षा करून लंकेवर गेल्या. डॉक्टर गानूंनी सगळं वाचलं. त्या अभ्यासातल्या बहुतेक बायका साठीच्या आणि वरच्या होत्या, तुमचं लवकर वयातलं ऑपरेशनचं प्रकरण वेगळं, असं त्यांनी समजावलं, आणि शिवाय म्हणाल्या, "तुम्हीही आता पन्नाशीला आलात. ठरल्याप्रमाणे हळूहळू कमी करू." गोळी आधी अर्धी झाली, मग एक दिवसाआड, मग बंद. थोड्या लाटा आल्या. वहिनींनी पंखा जवळ ठेवला, आणि लाट आली की हातातलं काम टाकून खुशाल बसून राहिल्या. वर्षभरात त्याही थांबल्या.

इंदू लग्न होऊन लखनौला गेली. तिला दोन मुलं झाली, नोकरी लागली. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. तिची चाळिशी उलटली तेव्हाच्या एका रविवारी नीलकंठ पेपर वाचत बसला होता आणि वहिनी शेंगा सोलत होत्या. फोन वाजला. वहिनींनी स्पीकर लावला, कारण हात भरलेले.

"आई, एक विचारायचं होतं. माझी पाळी जरा गडबड चालू आहे. बाबा आहेत का तिथे?"

"आहेत. पलीकडच्या खोलीत जाऊ का?"

"नको," इंदू म्हणाली. "असू दे त्यांना."

नीलकंठनं पेपर खाली ठेवला, खुर्ची फोनजवळ ओढली आणि म्हणाला, "बोल बेटा, आधी सांग, किती दिवस चाललंय?"